नियंत्रित क्षेत्रातून जनावर बाहेर न्यायचंय? आधी दिवस मोजा, मग टेंपो सांगा

"डॉक्टर, टेंपो दारात उभा आहे. तेवढा दाखला लिहून द्या."

साथ आली की मराठवाड्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत हे वाक्य रोज कानावर पडतं. तोवर इसार घेतलेला असतो, भाडं ठरलेलं असतं, समोरची पार्टी फोनवर फोन करत असते. आणि दाखला मिळत नाही, कारण लस टोचून दहाच दिवस झालेले असतात, किंवा कानात टॅगच नसतो. माणूस चिडतो. काही जण रात्री आडवाटेनं जनावर काढतात आणि रोग पुढच्या तालुक्यात नेऊन सोडतात.

चूक दाखला मागण्यात नाही, क्रमात आहे. आरोग्य दाखला हा या कामातला जवळपास शेवटचा कागद आहे. त्याच्या आधीचं काम महिनाभराचं असतं. ते कोणत्या क्रमानं करायचं, हे पुढे लिहिलं आहे. भर गाय, बैल आणि म्हशीवर आहे. शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि घोड्यांचं वेगळं जे आहे ते शेवटी आहे.

## आधी मूळ नियम

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांना प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा २००९ चा आहे. त्याखाली एखादा भाग एखाद्या रोगासाठी 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला, की तो रोग ज्या जातीला होतो त्या जातीचं जनावर आहे तिथून हलवायचं नाही. निरोगी असलं तरी नाही. याला दोनच वाटा ठेवल्या आहेत:

- लस टोचण्यासाठी जवळच्या लसीकरणाच्या जागी नेणं.
- त्याच रोगाची लस झाल्याचं वैध प्रमाणपत्र सोबत असणं आणि लस झाल्याची खूण जनावराच्या अंगावर असणं.

दुसऱ्या वाटेत दोन अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. कागद आहे पण खूण नाही, तर चालत नाही. खूण आहे पण कागद घरी राहिला, तरी चालत नाही.

आजारी किंवा संशयित जनावराला मात्र यातली कोणतीच वाट नाही. मेलेलं जनावर, त्याचं कातडं, त्याच्या संपर्कातली वैरण, अंथरलेलं पाचट, यातलं काहीही क्षेत्राबाहेर न्यायचं नाही.

सावधान: हा कायद्याचा पाया झाला. आदेश त्याहून कडक असू शकतो. काही दिवसांसाठी सगळीच ने-आण पूर्ण बंद ठेवता येते आणि दुसऱ्या जातीच्या जनावरांवरही बंदी घालता येते. अशा वेळी लसीचं प्रमाणपत्र दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही.

## टप्पा १ : आदेश स्वतः वाचा

"आपल्याकडं बंदी उठली म्हणे" या एका वाक्यावर फार नुकसान झालेलं आहे. बंदी लेखी आदेशानं लागते आणि लेखी आदेशानंच उठते. व्हॉट्सॲपवर फिरणारी बातमी गेल्या साथीची असू शकते, शेजारच्या जिल्ह्याची असू शकते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात जा, चालू आदेश मागा, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. आदेशाचा क्रमांक आणि तारीख फोटोत स्पष्ट आली पाहिजे.

मग त्यात पाच गोष्टी शोधा.

1. रोग कोणता? लम्पी (अंगावर गाठी आणणारा त्वचारोग), लाळ्या खुरकूत (तोंडात आणि खुरांत फोड-जखमा आणणारा), की आणखी काही? लस आणि दिवस दोन्ही त्यावर ठरतात.
2. जनावरं कोणती? २०२२ च्या सप्टेंबरात लम्पीसाठी सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, तेव्हा आदेशात गाईंसोबत म्हशीही होत्या. "म्हशीला लम्पी फारशी होत नाही" असं म्हणून म्हशी घेऊन निघालेल्यांची चूक इथेच झाली. रोग कोणाला किती होतो हा वैद्यकाचा प्रश्न आहे. वाहन थांबतं ते आदेशातल्या शब्दावर.
3. हद्द कुठपर्यंत? राज्य, जिल्हा, तालुका, की रोग सापडलेल्या जागेपासून ठरावीक अंतर? लम्पीत बाधित गावाभोवती ५ किलोमीटरच्या पट्ट्यात लसीकरण होत असे. तुमची वस्ती किंवा शेतातला गोठा दुसऱ्या शिवारात येत असेल तर गावाच्या नावावर जाऊ नका. जनावर प्रत्यक्ष बांधलंय ती जागा धरा.
4. काय काय बंद? फक्त वाहतूक, की बाजार, जत्रा, प्रदर्शनही? नियंत्रित क्षेत्रात जनावरांचा बाजार भरवायलाच मनाई करता येते. हळी-हंडरगुळीचा बाजार बंद असेल तर बाजाराच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून केलेला सौदाही नियमाबाहेरचाच आहे.
5. कधीपर्यंत? तारीख दिली आहे, की 'पुढील आदेशापर्यंत'?

शेवटी एक गोष्ट राहूनच जाते. हेच पाच प्रश्न जिथे पोचायचंय त्या जिल्ह्याबद्दल आणि वाटेतल्या जिल्ह्यांबद्दलही विचारा. केज-धारूरकडून ऊसतोडीसाठी कोल्हापूरच्या साखर कारखान्याला निघालात तर वाटेत धाराशिव, सोलापूर, सांगली लागतात. आपल्याकडून सुटका झाली आणि सांगलीत प्रवेशबंदी निघाली, तर बैल मध्येच अडकतात. देगलूर, मुखेड, उदगीर, उमरगा या भागातून कर्नाटक-तेलंगणात जाणाऱ्यांना दुसऱ्या राज्याच्या अटीही बघाव्या लागतात. इथला दाखला तिथे आपोआप चालेल असं धरून चालू नका. समोरच्या पार्टीला तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायला लावा आणि उत्तर लेखी किंवा मेसेजवर मागवा.

तपासा: आदेशाचा फोटो आहे? त्यात तुमची जनावरं आणि तुमचं गाव येतं की नाही, हे ठाम सांगता येतं? येत नसेल तर पुढचा टप्पा घेऊ नका.

## टप्पा २ : दावणीवरचं प्रत्येक जनावर पाहा

जे न्यायचंय त्याच्यासोबत दावणीवरची सगळी जनावरं पाहा. विकायची गाय ठणठणीत दिसते, पण शेजारच्या कालवडीला ताप आहे, तर ती गायही संशयितच धरावी लागते. लम्पीचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २८ दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो, असं आंतरराष्ट्रीय नियमांत धरलं जातं. लाळ्या खुरकुतात साधारण २ ते १४ दिवस. आज न दिसणारा रोग परवा टेंपोत दिसू शकतो.

आठवडाभर रोज सकाळी एवढं बघा:

- ताप. गायबैलाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. थर्मामीटर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, प्रत्येक गोठ्यात हवा. उन्हातून आल्या-आल्या मोजू नका.
- अंगावर, मानेवर, कासेवर गाठी. केस उभे राहिलेले दिसले तर तिथे हात फिरवून पाहा.
- तोंडातून तार धरून गळणारी लाळ, जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखम, लंगडणं.
- डोळ्यांतून पाणी, नाकातून घट्ट स्राव, गळ्याखाली सूज, चारा सोडणं, दूध एकदम घटणं.

यातलं काही दिसलं तर तेच जनावर वेगळं बांधा, त्याचं पाणी-वैरण वेगळं करा आणि दवाखान्याला कळवा. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन केला तरी चालतो. रोग कळवणं मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. "कळवलं तर सगळी दावण अडकेल" ही भीती मला समजते. पण न कळवलेला रोग शेवटी तपासणी नाक्यावर उघडा पडतो, आणि तेव्हा दावणीसोबत अख्खं गाव अडकतं.

सावधान: आजार लपवण्यासाठी तापाची गोळी किंवा इंजेक्शन देऊन जनावर काढू नका. ताप चार-सहा तास उतरतो, विषाणू तसाच राहतो. प्रवासाच्या ताणानं तेच जनावर वाटेत बसतं.

## टप्पा ३ : कानातला टॅग

सगळ्यात जास्त वाहनं इथे अडतात, म्हणून या टप्प्यावर थोडं थांबू.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. तो भारत पशुधन या संगणक प्रणालीत मालकाच्या नावानं, मोबाइल क्रमांकासह नोंदलेला असतो. राज्यात १ जून २०२४ पासून टॅग नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करायला मनाई आहे. साथ असो वा नसो. साथीच्या काळात मात्र टॅगचं काम दुप्पट होतं. लसीची नोंद याच क्रमांकावर असल्यामुळे लस झाल्याचा पुरावाही तोच असतो.

टॅग नसेल तर दवाखान्यात जाऊन आधी टॅग मारून घ्या आणि नोंद प्रणालीत चढली का ते तिथेच बघा. बिल्ला कानात आहे पण नोंद नाही, असं होतं. नोंद नसलेला बिल्ला म्हणजे नुसतं प्लास्टिक.

टॅग पडला असेल तर नवीन मारण्याआधी जुना क्रमांक शोधा. जुन्या लसीच्या कार्डावर असेल, किंवा दवाखान्यात तुमच्या मोबाइल क्रमांकावरून निघेल. नव्या बिल्ल्याची नोंद जुन्याच्या जागी 'टॅग बदल' म्हणून करायला सांगा. घाईत नवं जनावर म्हणून नोंद झाली तर जुनी लस हिशेबातून जाते. मग लस झालेली असूनही कागदावर ती झालेली दिसत नाही आणि दिवस पुन्हा शून्यापासून मोजायची वेळ येते.

मालक बदलला असेल तर नाव आधी बदलून घ्या. गेल्या वर्षी बाजारातून आणलेला बैल आजही जुन्या मालकाच्या नावावर असतो, आणि ग्रामपंचायतीचा मालकीचा दाखला तुमच्या नावाचा. दोन नावं जुळली नाहीत तर नाक्यावरचा माणूस काय समजेल, याचा विचार करा.

आमच्या घरच्या कालवडीच्या कागदावर बारापैकी दोन आकडे उलटे पडले होते. आम्ही चौघांनी कागद हातात घेऊन पाहिला, कोणाच्या लक्षात आलं नाही. तपासणीत लक्षात आलं आणि साठ किलोमीटरवरून परत यावं लागलं. तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो. एकानं कानाजवळ उभं राहून आकडे तीन-तीन करून मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं कागदावर बोट ठेवून जुळवायचे. मग दोघांनी जागा बदलून पुन्हा एकदा. टॅगवर शेण-माती असते, ३ आणि ८ सारखे दिसतात. आधी ओल्या फडक्यानं पुसा. कानासकट टॅगचा फोटोही काढून ठेवा.

तपासा: टॅग क्रमांक चार ठिकाणी एकच दिसला पाहिजे: कानात, लसीच्या प्रमाणपत्रावर, मालकीच्या दाखल्यावर आणि पुढे मिळणाऱ्या आरोग्य दाखल्यावर.

## टप्पा ४ : लस, आणि लसीनंतरचे दिवस

लस टोचली त्या दिवशी संरक्षण मिळत नाही. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडे लागतात. टोचलं त्या वेळी जनावर आधीच बाधित असेल तर तेही याच दिवसांत उघड होतं. म्हणून आदेशात 'लसीकरणानंतर इतके दिवस' अशी अट असते. लम्पीत ती २८ दिवसांची होती. दुसऱ्या रोगाच्या आदेशात वेगळी असू शकते, तेव्हा टप्पा १ मधला फोटो पुन्हा उघडा.

मोजणी अशी करा. टोचण्याचा दिवस शून्य धरा. १ ऑक्टोबरला टोचली तर २८ दिवस २९ ऑक्टोबरला पुरे होतात. मी एक दिवस वर धरतो, म्हणजे आकड्यावर वाद होत नाही.

मोजताना नेहमी होणाऱ्या चुका:

- एका लसीवर दुसऱ्या रोगाचा दाखला मागणं. लाळ्या खुरकुताची लस सहा महिन्यांच्या फेरीत झालेली असते. ती लम्पीला चालत नाही. लम्पीसाठी गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली जाते, तिचा लाळ्या खुरकुताशी संबंध नाही. घटसर्प आणि फऱ्याच्या पावसाळ्यापूर्वीच्या लसीही वेगळ्या. "सगळ्या लसी झाल्यात" असं सांगू नका, रोगाचं नाव घेऊन विचारा.
- दावणीची तारीख सगळ्यांना लावणं. लसीकरणाच्या दिवशी एक बैल शेतात होता, त्याला आठ दिवसांनी टोचलं. जोडीतल्या दोन बैलांच्या तारखा वेगळ्या असतील तर उशिराची तारीख धरा.
- वासरू विसरणं. चार महिन्यांखालच्या वासरांना लम्पीची लस सहसा देत नाहीत. लस नाही तर प्रमाणपत्र नाही. दुभती गाय वासरासकट विकायची असेल तर हा प्रश्न आधी दवाखान्यात विचारा, टेंपोत नाही.
- पहिल्यांदाच टोचलेलं जनावर. लाळ्या खुरकुतात पहिल्या मात्रेनंतर साधारण महिन्यानं दुसरी मात्रा लागते. एकच मात्रा झालेलं खोंड 'लस झालेलं' म्हणून नेऊ नका.
- नोंदीची तारीख न बघणं. टोचल्याची तारीख आणि प्रणालीत चढलेली तारीख एकच आहे का, ते त्याच आठवड्यात बघा. २८ दिवसांनी चूक सापडली तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

लसीनंतर दोन-तीन दिवस थोडा ताप येणं, टोचल्या जागी सूज येणं हे होतं. घाबरू नका, पण दवाखान्यात सांगून ठेवा. आजारी जनावराला लस टोचून घेण्याचा आग्रह मात्र धरू नका.

ऊसतोडीच्या बैलांसाठी: बीड, परभणी, जालना, धाराशिवकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. एक सोपी खूण लक्षात ठेवा. पोळा श्रावण अमावास्येला, दसरा आश्विन शुद्ध दशमीला, मधे साधारण ४० दिवस. पोळ्याला बैल सजवण्याआधी त्याची लस झाली असेल तर दसऱ्याला २८ दिवस ओलांडलेले असतात, वर दुरुस्तीला दहा-बारा दिवस उरतात. घटस्थापनेला टोचली तर दसऱ्यापर्यंत नऊच दिवस होतात. मुकादमानं (टोळी जमवणाऱ्यानं) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतानाच प्रत्येक बैलाचा टॅग क्रमांक आणि लसीची तारीख वहीत लिहून घ्यावी. टोळीतल्या एका जोडीमुळे बारा गाड्या थांबतात.

## टप्पा ५ : कागद, याच क्रमानं

दिवस पुरे होत आले की कागद गोळा करा. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा आहे.

1. लसीकरणाचं प्रमाणपत्र. त्यावर रोगाचं किंवा लसीचं नाव, तारीख, टॅग क्रमांक, देणाऱ्याची सही आणि शिक्का हवा.
2. मालकीचा दाखला, ग्रामपंचायतीचा. टॅग क्रमांक त्यात लिहून घ्या. 'एक बैल, रंग पांढरा' एवढ्यावर भागत नाही. देवणी जातीचे तीन बैल एका दावणीवर असले तर कोणता कोणता हे वर्णनावरून कळत नाही.
3. विक्री असेल तर खरेदीदाराचा तपशील. नाव, गाव, कशासाठी घेतोय. बाजार समितीतून खरेदी झाली असेल तर तिची पावती. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे. शेतीसाठी, दुधासाठी नेतोय हे कागदावर स्पष्ट असलं तर रस्त्यातले निम्मे प्रश्न मिटतात.
4. परवानगी, आदेशात मागितली असेल तर. कोणाची हेही आदेशातच लिहिलेलं असतं.
5. आरोग्य दाखला. सगळ्यात शेवटी. पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, जनावर प्रत्यक्ष पाहून देतात. म्हणून जनावर दवाखान्यात न्या किंवा त्यांना गोठ्यावर बोलवा. फोटो पाठवून दाखला मागू नका. जनावर प्रवासाला योग्य आहे हेही त्यात हवं. शेवटच्या दिवसांतली गाभण गाय, नुकतीच व्यालेली गाय, नुकतं जन्मलेलं वासरू, जखमी किंवा लंगडं जनावर वाहतुकीला योग्य ठरत नाही.

सावधान: आरोग्य दाखला फार आधी घेऊन ठेवू नका. तो तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगतो. निघण्याच्या जितका जवळ तितका उपयोगी. आणि कोऱ्या दाखल्यावर सही मागू नका, कोणी देऊ केली तरी घेऊ नका. अधिकार नसताना किंवा चुकीचं प्रमाणपत्र देणं हा या कायद्यात वेगळा गुन्हा आहे.

प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा. मूळ प्रती वाहनात, एक संच घरी, एक समोरच्या पार्टीला. फोटो मोबाइलमध्येही ठेवा, पण मोबाइलवर विसंबू नका.

## टप्पा ६ : वाहन

आता टेंपो सांगा.

जागा मोजा. मोटार वाहन नियमांत गाय किंवा म्हशीमागे २ चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे साधारण साडेएकवीस चौरस फूट. हौदा आठ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असेल तर ४४ चौरस फूट झाले. त्यात दोनच जनावरं बसतात. तिसरं कोंबलं तर वाहन अडेल आणि जनावर पडेल. मोठ्या ट्रकमध्येही सहापेक्षा जास्त गाईबैल चालत नाहीत.

दुसऱ्याचं जनावर सोबत घेऊ नका. भाडं वाटून घेण्यासाठी शेजारच्या गावाचा बैल त्याच टेंपोत चढवला जातो. तुमचे कागद पक्के, त्याचे कच्चे, आणि थांबते सगळी गाडी. रोगाच्या दृष्टीनं तर हे त्याहून वाईट.

धुवा, मग औषध मारा. आदल्या खेपेचं शेण, पाचट, मूत्र काढून गाडी पाण्यानं धुवा. घाणीवर मारलेलं औषध काम करत नाही. लाळ्या खुरकुतासाठी धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के द्रावण चांगलं: १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. खाण्याचा सोडा नव्हे, धुण्याचा. लम्पीसाठी सोडियम हायपोक्लोराइटचं २ टक्के द्रावण वापरतात. दोन्ही एकत्र करू नका. फवारल्यावर गाडी वाळू द्या, मगच जनावर चढवा. लम्पीच्या खपल्यांत विषाणू महिनाभराहून जास्त टिकतो, म्हणून फळ्यांच्या फटीही घासा.

वैरण इथून नेऊ नका. आजारी जनावराच्या संपर्कातली वैरण क्षेत्राबाहेर न्यायला मनाई आहे, आणि नाक्यावर तुमच्या कडब्याची पेंढी कुठली हे सिद्ध करता येत नाही. वाटेपुरता चारा क्षेत्राबाहेर विकत घ्या. खाली अंथरायला कोरडी वाळू बरी. जुनं दावं, जुनी झूल घरीच ठेवा.

गोचीड, गोमाशा, डास यांच्यावर औषध निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, डॉक्टरांना विचारून मारा. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या कीटकांतूनच पसरते.

## टप्पा ७ : रस्ता

पहाटे निघा. मराठवाड्यात मार्च ते जून दुपारी गाडीचा पत्रा तापतो आणि जनावर धापा टाकतं. तापलेलं जनावर नाक्यावर आजारी दिसतं. सोबत जनावर सांभाळणारा एक माणूस हवाच, एकटा ड्रायव्हर नको.

ठरलेल्या रस्त्यानंच जा. तपासणी नाका लागला तर स्वतःहून थांबा, कागद टप्पा ५ च्या क्रमानं द्या, टॅग पुसून दाखवा. तिथे जनावर थांबवून ठेवण्याचा, लस टोचण्याचा किंवा विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार नाक्यावरच्या अधिकाऱ्यांना आहे. आवाज चढवून काही होत नाही. थांबवलं तर कारण लेखी मागा आणि आपल्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना तिथूनच फोन लावून द्या.

वाटेत बाजारात, धाब्यामागच्या गोठ्यात, पाहुण्यांच्या दावणीला उतरू नका. पाणी स्वतःच्या बादलीत पाजा.

चालवत नेत असाल तर सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर जनावरं चालवायला नियमानं मनाई आहे. सगळे कागद पायी नेतानाही लागतात. "गाडी नाही म्हणून दाखला नको" हा समज चुकीचा आहे. बैलगाडीच्या बैलांनाही तेच लागू.

जनावर वाटेत आजारी पडलं तर मागेही फिरू नका, पुढेही जाऊ नका. गाडी बाजूला घ्या, इतर जनावरं उतरवू नका, १९६२ ला फोन करा. मेलं तर ते रस्त्याच्या कडेला टाकून जाणं हा गुन्हा आहे, आणि त्या शिवारातल्या जनावरांवर अन्याय आहे. विल्हेवाट डॉक्टर सांगतील तशी, त्याच जागी खोल पुरून.

## टप्पा ८ : पोचल्यावर

जनावर उतरवलं की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. नवं जनावर थेट दावणीला बांधू नका. तीन ते चार आठवडे वेगळ्या जागी, वेगळी गव्हाण, वेगळी बादली. आधी घरच्या जनावरांची झाडलोट-धार काढा, मग नव्या जनावराकडे जा, उलट नाही. रोज ताप पाहा.

पोचल्याची खबर तिथल्या दवाखान्यात द्या. विक्री झाली असेल तर भारत पशुधनवर मालकीचं हस्तांतरण दोघांच्या समोर करून घ्या. ते राहिलं तर सहा महिन्यांनी तिथे रोग निघाल्यावर फोन तुम्हाला येतो. परतीच्या गाडीचंही टप्पा ६ सारखंच धुणं करा. रिकामी गाडी रोग परत आणू शकते.

टोळ्यांनी एक गोष्ट जपावी. मार्च-एप्रिलमध्ये घरी परत येतानाही हीच प्रक्रिया असते. तोवर कारखान्याचा भाग नियंत्रित क्षेत्र झालेला असू शकतो. जाण्याच्या वेळचा आरोग्य दाखला परतीला चालत नाही, लसीचं प्रमाणपत्र मात्र लागतं. ते कोपीत (ऊसतोडीच्या झोपडीत) उंदीर कुरतडणार नाही अशा डब्यात ठेवा.

## वेगळी जनावरं, वेगळ्या अटी

शेळ्या-मेंढ्या. लम्पी त्यांना होत नाही, तरी आदेशात त्यांचं नाव आहे का ते बघाच. त्यांचा मोठा रोग पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग. त्याची लस वेगळी, दाखला वेगळा. बकरी ईदच्या आधी उस्मानाबादी बोकड मोठ्या संख्येनं मुंबईकडे जातात. कळपात नाकातून शेंबूड, हगवण, तोंडात व्रण असलेलं एक करडू असलं तरी कळप थांबवा. वाहनात एका शेळीला ०.३ चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन चौरस फूट जागा धरा. धनगर बांधवांनी वाडा (मेंढ्यांचा मुक्काम) हलवण्यापूर्वी पुढच्या मुक्कामाच्या तालुक्यात चौकशी करावी.

कोंबड्या. इथे लसीची वाट नाहीच. बर्ड फ्लू निघाला की साधारण १ किलोमीटरचं बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटरपर्यंतचं निगराणी क्षेत्र ठरतं. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात हे घडलं. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले तेव्हाही १० किलोमीटरचं क्षेत्र आखलं गेलं. बाधित क्षेत्रातून पक्षी, अंडी, खाद्य, पिंजरे, तुसाचं खत काहीही बाहेर जात नाही. परसातल्या चार गावरान कोंबड्याही त्यात येतात. त्या रात्रीत नातेवाइकांकडे पोचवणं हा रोग पसरवायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. शिवाय सरकारी पथकानं नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, लपवून नेलेल्या पक्ष्यांची नाही.

घोडे, खेचरं, गाढवं. ग्लँडर्स या घोड्या-गाढवांच्या संसर्गजन्य रोगावर लस नाही, रक्ततपासणीच आहे, आणि तो रोग माणसालाही होतो. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला घोडा न्यायचा असेल तर रक्ताचा अहवाल यायला लागणारे दिवस आधीच धरा.